स्थलांतर शिकवणारे बाहुलीनाट्य: पाखरे आणि माणसे एकाच पडद्यावर आणावीत का?

प्रश्न: जोडवर्गाची_बाई, बार्देश

नमस्कार. मी बार्देश तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत तिसरी आणि चौथी असा जोडवर्ग सांभाळते. परिसर अभ्यास शिकवताना प्राण्यांच्या स्थलांतराचा विषय येतो आणि त्याला लागूनच माणसे गाव सोडून दुसरीकडे का जातात, हाही येतो. या वर्षी दोन्ही विषय बाहुलीनाट्यातून मांडावेत असा विचार आहे. मोरजीच्या किनाऱ्यावर सागरी कासवे अंडी घालतात हे वर्गातल्या बहुतेकांनी ऐकलेले आहे, आणि करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात उतरणारी बदके दाखवायला सहल नेणे अवघड नाही. म्हणजे साहित्य हाताशी आहे. अडचण दुसरीकडे आहे.

वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील गोव्याबाहेरून आलेले आहेत. बागलकोट, गदग, विजापूर या भागांतून बांधकामावर आलेली कुटुंबे त्यांत जास्त आहेत. काही मुले ओडिशाची आहेत आणि त्यांचे वडील ट्रॉलरवर जातात. बाकीची मुले इथल्याच वाड्यांवरची आहेत. मधल्या सुट्टीत भांडण जुंपले की कोणीतरी कोणाला तरी ‘भायलो’ (कोकणीत ‘बाहेरचा’) म्हणते आणि मग प्रकरण माझ्या टेबलापर्यंत येते.

माझा आराखडा असा आहे. पहिल्या प्रवेशात कासवीण आणि बदक आपापल्या प्रवासाची हकिगत सांगतात. दुसऱ्या प्रवेशात एक कुटुंब पेट्या-गाठोडी घेऊन म्हापशाच्या बसस्थानकावर उतरते. आणि शेवटी कासवीण त्या कुटुंबातल्या मुलीला म्हणते, ‘आपण दोघी सारख्याच.’ हे वाचून दाखवल्यावर माझ्या एका सहकाऱ्यांनी विचारले, ‘बदके मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. मग मुले म्हणतील, ही माणसे परत कधी जाणार?’ त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हा जाणकारांना विचारते. ही दोन स्थलांतरे जोडावीत की वेगळी ठेवावीत? जोडली तर कशी? तसेच, फारसा खर्च न करता मुलांनाच बनवता आणि चालवता येतील अशा बाहुल्या कोणत्या? शिवाय वर्गात मराठी, कोकणी, कन्नड, हिंदी आणि थोडी ओडिया असे सगळेच कानावर पडते. तर नाटकाची भाषा कोणती ठेवावी?

उत्तर: कळसूत्री_कुडाळ

बाई, आधी बाहुल्यांविषयी लिहितो, कारण त्यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

हातमोजाची बाहुली, काठीबाहुली, दोऱ्यांवरची कळसूत्री आणि पडद्यामागची छायाबाहुली हे चार प्रकार तुम्हाला ठाऊक असतीलच. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगणे) अशा तिन्ही परंपरा टिकवून ठेवल्या आहेत. तिथले परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. जमले तर मुलांना एकदा तिकडे घेऊन या, पण तिसरीच्या मुलांच्या हातात कळसूत्री देऊ नका. दोरे गुंततात, ते सोडवण्यात तास संपतो आणि मूल रडकुंडीला येते. तुमच्या कामाला काठीबाहुली आणि छायाबाहुली या दोनच पुरेत.

पक्ष्यासाठी मोडक्या छत्रीच्या काड्या वापरा. पावसाळा सरला की आपल्या भागात मोडकी छत्री नाही असे घर शोधावे लागेल. पंख पुठ्ठ्याचे करू नका. जुन्या वायलच्या साडीचा तुकडा काडीला शिवा आणि धडाच्या आत मूठभर वाळूची पुरचुंडी घाला. धड जड आणि पंख हलके असले की काठी वर नेताना पंख मागे, खाली राहतात आणि काठी खाली आणली की ते वर उचलले जातात. पंखांना होणाऱ्या त्या उशिरातूनच उडण्याचा भास निर्माण होतो. ससाणा, बदक, बगळा यांच्या पंखांची लय वेगवेगळी असते. मुलांनी आधी खरे पक्षी पाहावेत आणि मग हात हलवावा.

कासवाच्या पाठीला पोफळीच्या झावळीचा रुंद, चामड्यासारखा देठ, ज्याला आमच्याकडे विरी म्हणतात, तो ओला असताना वाकवून बांधा. वाळला की तो आकार धरतो. नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांसाठी लहान करवंट्या चालतील. कासविणीच्या बाहुलीला दोन चाली द्याव्या लागतात. वाळूवर ती वल्ही आळीपाळीने रेटते, थांबते, दम खाते, पुन्हा रेटते. पाण्यात गेली की तीच वल्ही पंखांसारखी संथ हलतात. हा बदल मुलांनी नीट करून दाखवला, तर वाळूवर जड असलेला जीव पाण्यात किती हलका होतो, हे सांगायला एका शब्दाचीही गरज पडणार नाही. बाहुली हातात देण्यापूर्वी मुलांना वर्गाच्या जमिनीवर कोपरांवर सरकून पाहायला लावा.

पडद्यासाठी पांढरे धोतर ताणून बांधा आणि मागे एकच दिवा ठेवा. दोन दिवे लावले तर प्रत्येक बाहुलीच्या दोन सावल्या पडतात. दिव्याजवळची सावली मोठी आणि धूसर असते, तर पडद्याला टेकवलेली लहान आणि रेखीव. पक्षी दूर जाताना दाखवायचा असेल तर बाहुली दिव्यापासून हळूहळू पडद्याकडे न्या. पोरे हे आपोआप शोधून काढतात.

आता कथेकडे वळतो. माझी सूचना अशी की प्राणी पडद्यामागे छायेत राहावेत आणि माणसे पडद्यापुढे, उजेडात, काठीबाहुल्यांच्या रूपात यावीत. दोघांची जगे डोळ्यांनाच वेगळी दिसतील; तरीही पडद्याच्या अल्याडची मुलगी पल्याडच्या कासविणीशी बोलू शकेल. प्राणी माणसासारखा बोलला म्हणून मूल फसत नाही. आपल्या प्राणिकथांतले कोल्हे आणि कावळे पिढ्यान्‌पिढ्या बोलत आले आहेत आणि त्यामुळे कोणाचे जीवशास्त्र बिघडलेले नाही. ‘आपण दोघी सारख्याच’ हे वाक्य मात्र काढा. बाहुलीने तात्पर्य सांगितले की तिची बाहुली राहत नाही, मास्तर होतो.

भाषेविषयी एक उदाहरण देतो. बांगलादेशातल्या कॉक्सबाजारच्या छावण्यांतील रोहिंग्या मुलांसाठी ‘सेसमी स्ट्रीट’ ही मुलांची बाहुली-मालिका काढणाऱ्या ‘सेसमी’च्या मंडळींनी 2020 मध्ये नूर आणि अझीझ अशी जुळ्या भावंडांची दोन बाहुली-पात्रे आणली, ती रोहिंग्या भाषाच बोलतात. आपल्या घरातली बोली बाहुलीच्या तोंडी ऐकणे हा मुलासाठी फार मोठा आनंद असतो. निवेदन मराठीत ठेवा आणि प्रत्येक बाहुलीला तिची भाषा बोलू द्या. जे कळणार नाही ते हालचालीतून कळावे, अशीच बाहुलीची रचना असते.

उत्तर: तळ्याकाठी

वरील उत्तरातले बाहुल्यांविषयीचे सगळे मान्य. मात्र बोलक्या प्राण्यांमुळे जीवशास्त्र बिघडत नाही, हे मान्य नाही. बोलण्याने बिघडत नाही हे खरे, पण कथेला हवे तसे त्यांना वागवले की बिघडते. बाईंच्या आराखड्यात त्याची दोन-तीन ठिकाणे मला दिसतात.

पहिले कासविणीचे. मोरजीला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले या जातीच्या कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून साधारण शंभर अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिल्ले 45 ते 60 दिवसांनी बाहेर पडतात तेव्हा ती तिथे नसते आणि पुढेही त्यांना ओळखत नाही. तेव्हा मायलेकरांच्या भेटीचा प्रसंग कृपया रंगवू नका. मोह फार होतो. पिल्ले पाण्याकडे जातात ती समुद्रावरच्या उजळ क्षितिजाच्या दिशेने, आणि म्हणूनच किनाऱ्यावरच्या शॅकचे आणि हॉटेलांचे दिवे त्यांची दिशाभूल करतात. हे गोव्यातल्या मुलांना दाखवण्यासारखे आहे. पडद्यामागे एकच दिवा असला की पिल्ले त्याच्याकडे चालली आहेत, हे दाखवता येईल. मग दुसऱ्या बाजूला दुसरा दिवा लावा आणि पिल्ले फिरवा. इथे सावल्या दोन पडल्या तरी हरकत नाही.

कासवांच्या प्रवासाचे नकाशेही आता हाताशी आहेत. गुहागरहून 2023 मध्ये उपग्रह-टॅग लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवीण दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. याच्या उलटही घडले आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 मध्ये टॅग लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. ‘कासवीण जन्मली त्याच किनाऱ्यावर परतते’ हे पाठ्यपुस्तकी विधान बव्हंशी खरे असले तरी, या एका मादीने पूर्व आणि पश्चिम असे दोन्ही किनारे आपले मानलेले दिसतात. तुमच्या वर्गात ओडिशाची मुले आहेत, त्यांना हा नकाशा नक्की दाखवा.

दुसरे बदकाचे. तलवार बदक आणि भुवई बदक हिवाळ्यात उत्तर आणि मध्य आशियाकडून येतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. तुमच्या सहकाऱ्यांची शंका रास्त आहे, कारण बदकांच्या बाबतीत ‘परत जाणे’ हा प्रवासाचा अर्धा भागच आहे. त्यांची वीण तिकडे होते. बांधकामावर आलेल्या कुटुंबाशी त्याची सांगड घातली की चुकीचा निष्कर्ष निघणारच. बदके ठेवायची असतील तर ती बदके म्हणूनच राहू द्या. करमळीच्या तळ्यावर अडई बदकांचे आणि जांभळ्या पाणकोंबड्यांचे थवे बारमाही असतात. त्यांच्यात हे पाहुणे उतरतात आणि एकाच पाण्यात वेगवेगळ्या खोलीवर, वेगवेगळ्या वेळी चरतात. यापुढचे मुले स्वतः पाहतील.

तिसरी सूचना अशी की कोणी चातक सुचवला तर घेऊ नका. पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून येणारा, कवितेतला, सगळ्यांचा लाडका पक्षी म्हणून तो चटकन सुचतो. पण तो आपली अंडी सातभाईंसारख्या पक्ष्यांच्या घरट्यात घालतो आणि पिल्ले त्यांच्याकडून वाढवून घेतो. निसर्गात यात गैर काहीच नाही. परंतु ज्या वर्गात ‘भायलो’ ही शिवी आहे, तिथे हे पात्र कोणाच्या पथ्यावर पडेल हे सांगायला नको.

त्याऐवजी दोन जीव सुचवतो. पहिला अमूर ससाणा. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. सैबेरियाचा आग्नेय भाग आणि उत्तर चीन इथे त्याची वीण होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो प्रचंड संख्येने नागालँडमध्ये उतरतो आणि मग भारतीय द्वीपकल्प व अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिणेकडे जातो. नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ 2012 मध्ये या पक्ष्यांची जाळी लावून मोठी कत्तल झाल्याचे उघडकीस आले आणि पुढच्याच हंगामात गावकऱ्यांनी ती थांबवली. पाहुण्याला मारणारे गाव त्याचे राखणदार कसे झाले, हा अख्खा प्रवेश होईल, आणि तो पूर्णपणे खरा असेल.

दुसरा जीव म्हणजे पाऊस ओसरला की आपल्या शेतांवर थव्यांनी घिरट्या घालणारा पिवळसर चतुर, ज्याला वॉन्डरिंग ग्लायडर म्हणतात. हा किडा भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातो, असे चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने 2009 मध्ये मांडले. त्याचे आयुष्य काही आठवड्यांचे, त्यामुळे जो निघतो तो परत येत नाही; वाटेतल्या डबक्यांत जन्मलेली पुढची पिढी प्रवास चालू ठेवते. अमूर ससाणे साधारण त्याच दिवसांत तोच समुद्र ओलांडतात आणि वाटेत हे चतुर खात असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पडद्यावर मागे-पुढे उडणारे हे दोन आकार फार शोभतील.

उत्तर: एक_पालक

चर्चा रंजक आहे. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांसमोर परप्रांतीयांचा विषय काढण्याची गरज काय? कासवे दाखवा, पक्षी दाखवा आणि तिथेच थांबा. गोव्यात हा विषय किती नाजूक आहे हे बाईंना ठाऊक असेलच. उद्या पालकसभेत कोणी उठून विचारले, तर शाळेची पंचाईत होईल.

उत्तर: हार्बरवरचा

वरच्या पालकांना नम्रपणे सांगतो की विषय आधीच निघालेला आहे. तो मधल्या सुट्टीत निघतो, फक्त शिक्षक समोर नसतात. मी मुरगावात वाढलो. माझे वडील गदगकडून बंदरावर कामाला आले होते आणि मी मराठी शाळेत शिकलो. आज चार भाषा बोलतो आणि मतदान गोव्यात करतो. त्यामुळे थोडे परखड लिहिले तर रागावू नये.

आधी एक फरक स्पष्ट करतो, जो या धाग्यात अजून कोणी केलेला नाही. कर्नाटकातून किंवा ओडिशातून गोव्यात येणारे कुटुंब देश ओलांडत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 19 नुसार नागरिकाला देशभर फिरण्याचा आणि कुठेही वास्तव्य करण्याचा हक्क आहे. एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन स्थायिक होणे ही निराळी गोष्ट. तिथे पासपोर्ट, व्हिसा, निर्वासितांचे हक्क असे सगळे येते. नाटकात दोन्ही दाखवा, पण एकाच बाहुलीवर दोन्ही लादू नका. नाहीतर गदगची मुलगी वर्गात परदेशी ठरेल.

दुसरे, कागदपत्रांचे. पाखरांना कागद लागत नाहीत, असे वाक्य तुमच्या नाटकात कुठेतरी येणारच. ते सगळ्यांना आवडते. त्याच्या पुढचा भागही येऊ द्या. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही आणि वयाचा दाखला नाही म्हणूनही नाही. माझ्या वेळी हा कायदा नव्हता. एका शाळेच्या व्हरांड्यात वडील टोपी हातात धरून उभे होते आणि कारकून ‘दाखला आणा’ एवढेच म्हणत होता, हे मला अजून दिसते. त्या व्हरांड्याचा प्रवेश करा: एक टेबल, एक मोठा शिक्का, पुठ्ठ्याचा कारकून. मुले पोट धरून हसतील, कारण कारकून सगळ्यांनीच पाहिलेला असतो. शिवाय तो प्रवेश पाहणाऱ्या एखाद्या आईला घरी जाऊन सांगता येईल की कायदा असा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बाहेरून आलेल्या मुलांना त्यांची स्वतःची कथा सांगायला लावू नका. ‘तू सांग बरे, तुम्ही गाव का सोडले?’ असे प्रेमाने विचारले तरी ती उलटतपासणीच असते. त्याचे उत्तर कर्ज असेल, बापाचे दारूपान असेल, पावसाने दिलेला दगा असेल. ते वर्गासमोर यावे की नाही हे मुलाने ठरवायचे. बाहुलीचा उपयोग नेमका इथे होतो. मूल बाहुलीच्या तोंडून हवे तेवढे बोलेल, त्यात हवे तेवढे खोटे मिसळेल आणि कोणी चौकशी केली तर ‘ते बाहुली म्हणाली’ असे सांगेल. त्याला तेवढी आडोशाची जागा ठेवा. आणि वाड्यावरच्या मुलांच्या हाती प्रवासी कुटुंबाच्या बाहुल्या द्या, बाहेरून आलेल्या मुलांच्या हाती शेजाऱ्यांच्या, कारकुनाच्या आणि ससाण्याच्या. ज्याचे त्याला दिले तर तो पंचनामा होतो.

उत्तर: तारवट्याचा_नातू

मुरगावच्या मित्रांनी लिहिलेले वाचून राहवले नाही. बाईंच्या आराखड्यात माणसे फक्त गोव्यात उतरतात. गोव्यातून कोणी जात नाही. खरे तर नाटक तिथूनच सुरू व्हायला हवे.

माझे आजोबा तारवटी होते, म्हणजे बोटीवर कामाला. गोव्यातल्या कितीतरी गावांचे मुंबईत धोबी तलावाच्या आसपास स्वतःचे कूड, म्हणजे गावकऱ्यांना उतरण्याच्या जागा होत्या. बोट मिळेपर्यंत गावचा माणूस तिथे पथारी टाकत असे, त्याची पेटी भिंतीला लागलेली असे आणि संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थना करत. पूर्व आफ्रिकेत, नंतर आखाती देशांत आणि अलीकडे, ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडेपर्यंत, पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमध्ये असे हे जाणे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तुमच्या वर्गातल्या वाड्यावरच्या मुलांना विचारा. कोणाचा काका दुबईत, कोणाची आत्या लंडनच्या एखाद्या इस्पितळात. जो मुलगा ‘भायलो’ म्हणतो, त्याचा बाप कुठेतरी भायलोच आहे. हे त्याला तोंडावर सुनावू नका. फक्त आधी त्या बापाच्या पेटीची बाहुली पडद्यापुढे आणा आणि मग गदगच्या कुटुंबाची बस येऊ द्या.

आणखी मागे जायचे असेल तर आपले देवसुद्धा प्रवासी आहेत. पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश 1560 मध्ये जुवारी ओलांडून प्रियोळला आणला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. त्या काळी अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंड्याचा परिसर, पोर्तुगीज अमलाबाहेर होता. अनेक कुटुंबे त्याही पलीकडे कारवार, मंगळूर, केरळपर्यंत गेली आणि तिथेच रुजली. ती परत आली नाहीत. ‘माणसे परत कधी जाणार’ या शंकेला इतिहासातच उत्तर आहे. कोणी वर्षाकाठी कुलदैवताला येतात, कोणी कधीच येत नाहीत, आणि दोघांनाही त्यांच्या नव्या गावात घर आहे. म्हार्दोळला वर्ग नेणे पिंगुळीपेक्षा सोपे पडेल.

जगात काय चालले आहे याचेही एक उदाहरण देतो. दक्षिण आफ्रिकेच्या हँडस्प्रिंग या संस्थेने साडेतीन मीटर उंचीची अमल नावाची सीरियन मुलगी बनवली आणि 2021 मध्ये ती बाहुली तुर्कस्तानातल्या गाझियान्तेपपासून इंग्लंडमधल्या मँचेस्टरपर्यंत, सुमारे 8,000 किलोमीटर, गावोगावी थांबत नेली. त्याच उपक्रमाच्या लोकांनी 2025 मध्ये पुठ्ठ्याच्या आणि प्लायवूडच्या प्राण्यांचे कळप काँगोतल्या किन्शासापासून उत्तर ध्रुववृत्ताकडे नेले. मला यातले लक्षणीय वाटते ते असे की त्यांनी मुलगी आणि कळप यांची सरमिसळ केली नाही. दोन स्वतंत्र प्रवास, चार वर्षांच्या अंतराने. तुमच्याकडे चार वर्षे नाहीत, पण दोन प्रवेश नक्कीच आहेत.

जोडवर्गाची_बाई, बार्देश

सर्वांचे मनापासून आभार. पालकांच्या शंकेचाही मी विचार केला. प्रयोगाच्या आधी पालकसभेत संहिता वाचून दाखवीन. कोणाला काही खटकले तर ते तिथेच बोलता येईल.

आराखडा आता असा बदलला आहे. सुरुवात पेटीपासून होईल. गोव्यातला एक गृहस्थ बोटीवर जायला निघतो, त्याची मुलगी पेटीत आपली एक वस्तू लपवते. मग पडद्यामागे अमूर ससाणा, चतुर आणि कासवीण येतात. त्यांच्या हकिगती शास्त्राला धरून आणि माणसाशी कसलीही तुलना न करता. त्यानंतर पडद्यापुढे बस येते, दाखल्याचा कारकून येतो. शेवटच्या प्रवेशात दोन मुली, एक तारवट्याची आणि एक गदगची, पडद्याजवळ बसून सावल्या पाहतात आणि प्राण्यांना प्रश्न विचारतात. ‘तुम्हाला कोणी अडवत नाही का?’ या प्रश्नावर ससाणा नागालँडच्या जाळ्यांविषयी सांगेल आणि कासवीण ट्रॉलरच्या जाळ्याविषयी. ट्रॉलरवरच्या वडिलांच्या मुलांना ते वाक्य टोचणार नाही ना, एवढी धास्ती आहे. त्यामुळे त्याच प्रसंगात जाळे कापून कासव सोडणारा खलाशीही ठेवला आहे. मुलींच्या प्रश्नांची उत्तरे लिहिलेली नाहीत. चौथीच्या मुलांनी ती तालमीत स्वतः शोधावीत.

तळ्याकाठी यांना एक विचारायचे आहे. चतुराची बाहुली किती मोठी करावी? ससाण्याच्या प्रमाणात केली तर मागच्या बाकावरून दिसणार नाही.

तळ्याकाठी

प्रमाण इथे सोडून द्या, बाई. चतुर तळहाताएवढा करा आणि पंखांना पारदर्शक प्लास्टिक लावा. शर्टाच्या खोक्यावरचे चालते. छायेत शिरा दिसायला हव्यात म्हणून त्या काळ्या मार्करने काढा. फक्त तो ससाण्याच्या आकाराचा आहे असे मुलांना वाटू नये, म्हणून प्रयोगाआधी खरा चतुर दाखवा. ऑक्टोबरच्या उन्हात शाळेच्या मैदानावर दुपारी अकराच्या सुमारास उभे राहिलात तर डोक्यावरच घिरट्या घालताना सापडेल. पकडू मात्र देऊ नका.

कळसूत्री_कुडाळ

आणि चतुराला काठी खालून लावू नका. सावलीत ती शेपटीसारखी दिसते. पडद्याला काटकोनात, मागून, बारीक तार लावा. संहिता तयार झाली की इथे टाका, तालमीच्या वेळी कारकुनाचा शिक्का कसा वाजवायचा ते सांगतो.